लक्ष्मीबाईंनी पाहिलेली वाट

नागपूर : नाताळापूर्वीचे चार रविवार ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणून पाळतात. बाजारात चांदण्या आणि आकाशकंदील लागलेले असतात, सदरमधल्या चर्चच्या आवारात गोठ्याच्या देखाव्याची तयारी सुरू असते. पण उपासनेचा सूर अजून सणाचा नसतो, तो प्रतीक्षेचा असतो. या दिवसांत नासरेथच्या मरीयेची कथा पुन:पुन्हा वाचली जाते. तारणाऱ्याची आई होण्याचा निरोप घेऊन देवदूत येतो आणि ही साधी मुलगी स्वत:ला प्रभूची दासी म्हणवून होकार देते. नम्र आज्ञाधारकपणाचा आदर्श म्हणून प्रवचनांत तिचा गौरव होतो. या कथेतील एका तपशिलाकडे मात्र थोडे दुर्लक्ष होते. मरीया होकार देण्याआधी प्रश्न विचारते. हे कसे होईल, अशी शंका ती देवदूतापुढे मांडते, उत्तर ऐकून घेते आणि मगच मान लववते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत असा प्रश्न विचारून होकार देणाऱ्या स्त्रीचे नाव शोधायचे झाले, तर ते लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला जवळजवळ पाच वर्षे लागली. ज्या वळणावर हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात आला, त्याच्या अगदी जवळ नागपूर आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या खेड्यात गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. तिच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी झाली होती. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले, ते कायमचेच. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय त्यांच्या घरात येत नसे. मीठ धुतल्यावर किती उरत असेल, हा प्रश्न वाचकाला पडतो. लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या आठवणींत हे सारे ज्या खेळकरपणे सांगितले आहे, त्यावरून तो त्यांनाही पडला असावा. विटाळाचे भय असे पाळण्यातच मिळाले होते. पुढील कथेत त्याला फार महत्त्व आहे.

१८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. नाशिकला संस्कृताचे अध्ययन झालेले, वाणी रसाळ, कविता ओठांवर, आणि स्वभाव असा की हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकायचा नाही. घरातून न सांगता निघून जाण्याची त्यांना जुनी सवय होती. आज या गावी, उद्या त्या गावी. पत्र आले तर आले. तापट सासऱ्यांच्या घरात ही मुलगी नवऱ्याची वाट पाहत असे. म्हणजे वाट पाहण्याचा अभ्यास धर्मांतराच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नव्हते. अक्षरओळख टिळकांनीच करून दिली. या बेभरवशाच्या नवऱ्याने दिलेल्या गोष्टींपैकी ही एक गोष्ट मात्र जन्मभर पुरली.

१८९० च्या आसपास हे दांपत्य नागपूरला आले. मध्य प्रांताची ही राजधानी त्या काळी विद्वानांना आश्रय देणाऱ्या धनिकांसाठीही ओळखली जाई. अशांपैकी एक, आप्पासाहेब बुटी, यांच्याकडे टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे आणि लेखनाचे काम मिळाले. (बुटी हे नाव पुढे शिर्डीच्या बुटीवाड्यामुळे महाराष्ट्रभर पोहोचले.) मान होता, काम आवडीचे होते, पण टिळकांच्या मनाला स्वस्थता नव्हती. जातिभेद, मूर्तिपूजा, समाजाची उतरंड यांविषयीचे विचार त्यांना छळत होते. धर्माचा नवा पाया आपणच घालावा, अशीही त्यांची कल्पना होती.

पुढे राजनांदगाव संस्थानाकडे जात असताना, १८९३ मध्ये, आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते आगाऊपणाचे वाटले. तरीही वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी पोहोचल्यावर ते त्यांच्या हातून सुटेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत बहुतेक तंतोतंत खरे ठरले.

टिळकांच्या चरित्रात हा दिवस प्रकाशाचा मानला जातो. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर त्या दिवशी त्यांचे घर बुडाले. नवरा जिवंत असून दुरावला. कुंकू होते आणि संसार नव्हता. पदरी लहानगा दत्तू. त्याच्यावर हक्क कोणाचा, त्याची जात कोणती, मुंज होणार की नाही, हे प्रश्न नातेवाइकांच्या कुजबुजीत रोज ऐकू येत. बहीण आणि मेहुणे यांनी त्यांना आधार दिला. पुढचा मोठा काळ त्यांनी पंढरपुरात काढला. जिथे देवच विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहतो असे आपण मानतो, त्या गावात ही बाई नवऱ्याच्या पत्राची वाट पाहत होती, आणि पत्र आले की ते फाडून टाकावे की उशाखाली ठेवावे, हेही तिला कळत नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. त्या काळी पतीचा धर्म तोच पत्नीचा धर्म, अशीच शिकवण होती. ती अक्षरश: पाळायची तर लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसायला हवे होते. त्या बसल्या नाहीत. समाजाचे म्हणणे मानायचे तर पतीचे नाव टाकून सोवळ्यात उरलेले आयुष्य काढायला हवे होते. तेही त्यांनी केले नाही. दोन्ही बाजूंनी आज्ञा होत्या आणि दोन्ही बाजूंना त्यांनी थांबवून धरले. या हट्टाला कोणी अवज्ञा म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो; जे पटलेले नाही त्याला मान डोलावणे देवालाही कितपत आवडत असेल, हा प्रश्नच आहे.

टिळकांच्या बाजूनेही एक मोठेपणा नोंदवला पाहिजे. पत्नीने आपल्यामागे यावे यासाठी ते पत्रांमागून पत्रे लिहीत, कविता पाठवीत, स्वत: येऊन भेटत, पण तिच्या मनावर त्यांनी जबरदस्ती केली नाही. अखेर त्या मुलाला घेऊन नगर भागात पतीकडे राहायला गेल्या, त्याही आपले सोवळे बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. नवरा ख्रिस्ती उपदेशक आणि बायको त्याच्या हातचे पाणी घेत नाही, हे दृश्य मिशनच्या वर्तुळात किती विचित्र दिसत असेल! टिळकांनी ते निमूटपणे सहन केले. आज्ञाधारकपणाचा विचार करताना नवऱ्याच्या या धीराचाही हिशेब धरावा लागतो.

बदल झाला तो प्रवचनाने झाला नाही. लक्ष्मीबाई विचार करीत राहिल्या आणि त्यांना आधी जातिभेदाचा पोकळपणा दिसला. माणसे सगळीकडे सारखीच जन्मतात, सारखीच मरतात. उच्चनीचता देवाने केली असती तर ती अंगावर कोठेतरी दिसली असती, अशा सरळ मार्गाने त्यांचे मन गेले. एकदा हे पटल्यावर मीठ धुणाऱ्या बापाच्या या लेकीने कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. श्रद्धा त्यानंतर आली. १९०० साली त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला. बाहेरून पाहणाऱ्याला पत्नी पतीच्या मागून गेली असे दिसले असेल. प्रत्यक्षात त्या स्वत:च्या पायांनी चालत तेथवर आल्या होत्या.

होकार दिल्यानंतर मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. नगरला प्लेगने थैमान घातले तेव्हा प्लेगच्या छावणीत जाऊन त्यांनी रुग्णांची सेवा केली. घरात अनाथ मुलांचा राबता वाढत गेला. बालकवी ठोंबरे यांना याच घरात मुलासारखी माया मिळाली. टिळक आणलेला पाहुणा विसरत, दिलेला शब्द विसरत, घरात धान्य आहे की नाही हे तर त्यांना कधीच ठाऊक नसे. चूल मात्र पेटलेली असे. उभयतांची भांडणेही होत आणि ती लक्ष्मीबाईंनी लपवलेली नाहीत. नम्रता म्हणजे तोंड मिटणे, ही व्याख्या त्यांना लागू पडत नाही.

टिळकांची पदे आणि अभंग एव्हाना मराठी ख्रिस्ती उपासनेचा भाग झाले होते. आजही मराठी चर्चच्या गीतसंग्रहांत त्यांचा वाटा मोठा आहे. परदेशी चालींवर बेतलेल्या गीतांच्या जोडीला त्यांनी तुकोबांच्या वळणाची भक्ती आणली. त्यांच्या मनात एक मोठे काम होते : ख्रिस्ताचे संपूर्ण जीवन मराठी महाकाव्यात सांगायचे. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव. आरंभीचे दहाएक अध्याय झाले. पण ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन, व्याख्याने, आणि १९१७ मध्ये सुरू केलेला ‘देवाचा दरबार’ यांत हे काम मागे पडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. महाकाव्य सुरुवातीलाच थांबले.

ते लक्ष्मीबाईंनी उचलले. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीचे, शालेय शिक्षण शून्य, छंदशास्त्राचा रीतसर अभ्यास नाही. पुढे मुंबई, कराची, नाशिक असे बिऱ्हाड हलत राहिले. या सगळ्यात त्यांनी किती अध्याय रचावेत? टिळकांच्या दहा अध्यायांपुढे तब्बल ६४. आपल्या नावाचे स्वतंत्र काव्य त्यांना रचता आले असते, त्यांच्या कविता तशा होत्याच. त्यांनी पतीचा अपुरा संकल्प पुरा करणे पत्करले. पाच वर्षे ज्याच्या नावामुळे घर मोडले होते, त्या ख्रिस्ताच्या जीवनकथेसाठी या बाईने आयुष्याची अखेरची वर्षे दिली. पंढरपुरातल्या त्या दिवसांत हे कोणी भाकीत केले असते, तर त्यांनी त्याला आगगाडीतल्या साहेबापेक्षाही वेडा ठरवले असते.

१९३३ मध्ये नागपूरने त्यांना पुन्हा पाहिले. येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. चाळीसएक वर्षांपूर्वी याच शहरात त्या आश्रित पंडिताची पत्नी म्हणून राहिल्या होत्या, जेमतेम अक्षरे लावीत. आता विद्वान, उपदेशक आणि लेखक त्यांचे बोलणे ऐकायला जमले होते. पुढच्याच वर्षापासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली आणि मराठी वाचकाला आपल्या भाषेतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राचा लाभ झाला. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपटही केला. सुहास जोशी यांनी त्यात साकारलेल्या लक्ष्मीबाई अनेकांना आठवत असतील.

‘स्मृतिचित्रे’च्या प्रसिद्धीपुढे ‘ख्रिस्तायन’ झाकोळले गेले, हे खरे. काव्य म्हणून ते सर्वत्र सारख्या उंचीचे नाही, हेही मान्य करावे लागेल. लक्ष्मीबाईंची लेखणी गद्यात जशी हसत-खेळत चालते तशी तेथे चालत नाही. विषयाचा धाक तिच्यावर आहे. तरी घरगुती, बायकी मराठीत ख्रिस्तचरित्र इतक्या विस्ताराने सांगणारे दुसरे काव्य सहज आठवत नाही.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. ‘ख्रिस्तायन’चा शेवटचा अध्याय तेव्हाही राहिलाच होता. तो दत्तूने, म्हणजे देवदत्त नारायण टिळक यांनी लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ पूर्ण होऊन बाहेर पडला. आईच्या बोटाला धरून पंढरपूरहून निघालेल्या त्या मुलाच्या हाती तो छापील पाहणे आले. ज्या दोघांनी तो लिहिला, त्यांच्यापैकी कोणीच तो पूर्ण झालेला पाहिला नाही.