शहाजीराजांची जहागीर नेमकी कोणाच्या मालकीची होती?

शिवनेरी म्हटलं की शिवजन्म आठवतो. पण ज्या जुन्नरमध्ये हा किल्ला उभा आहे, तो मुलूख शहाजीराजांनी मिळवला कसा आणि गमावला कसा, हे फारसं सांगितलं जात नाही. ते समजायला आधी दोन शब्द समजायला हवेत, वतन आणि मोकासा.

वतन म्हणजे पाटील, देशमुख यांचा वंशपरंपरागत हक्क. बापानंतर तो मुलाकडे जायचा. मोकासा म्हणजे जहागीर. सरदाराने फौज बाळगायची, लढाईला जायचं आणि त्या बदल्यात ठरलेल्या परगण्याचा महसूल घ्यायचा. जमीन कसणारा शेतकरी वेगळाच असायचा. सुलतानाची मर्जी फिरली की मोकासा जायचा.

इंग्लंडमध्येही सरदार मंडळी राजाची लष्करी चाकरी करून जमीन राखायची. तिथे ही पद्धत कायद्याने संपली ती १६६० साली, म्हणजे शहाजीराजे हयात असताना.

मालोजीराजांना निजामशाहीकडून पुणे आणि सुपे परगण्यांचा मोकासा मिळाला होता. ते लढाईत पडले तेव्हा शहाजीराजे लहान होते. चुलते विठोजी यांनी घर सांभाळलं आणि दरबाराने मोकासा भोसल्यांकडेच ठेवला. वारसाहक्क होता, पण त्यावर दरबाराचं शिक्कामोर्तब लागायचं.

पुढे भातवडीच्या लढाईत, १६२४ साली, शहाजीराजांचं नाव गाजलं. पण लगेच निजामशाही सोडून ते आदिलशाहीत गेले आणि काही वर्षांनी परतले. १६२९ मध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांची निजामशहाच्या दरबारातच हत्या झाली, तेव्हा शहाजीराजे मुघलांकडे गेले. त्याच धामधुमीत जिजाबाई शिवनेरीवर होत्या. व्याही विश्वासराव यांच्यामुळे तो किल्ला त्यांना सुरक्षित होता. मधल्या काळात विजापूरच्या फौजेने पुणे जाळलं. जहागीर कागदावर होती, गावं मात्र ओस पडली होती.

१६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि निजामशाही संपल्यात जमा झाली. तेव्हा शहाजीराजांनी मोठा डाव टाकला. निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला त्यांनी पेमगिरीवर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. जुन्नर आणि आसपासचे किल्ले त्यांच्या ताब्यात आले. आता ते जहागीरदार राहिले नव्हते, राज्यच चालवत होते.

हे तीन वर्षं टिकलं. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशहा एक झाले. दोघांच्या तहात अट होती की जुन्नर, त्र्यंबक असे किल्ले मुघलांना दिल्याशिवाय शहाजींना विजापूरच्या चाकरीत घ्यायचं नाही. माहुलीच्या वेढ्यानंतर त्यांना ती मान्य करावी लागली. शिवनेरी गेला. पुणे-सुप्याची जहागीर मात्र राहिली, पण आता आदिलशहाची म्हणून. स्वतः शहाजीराजांना कर्नाटकात पाठवलं गेलं, आणि पुण्याचा कारभार दादोजी कोंडदेव पाहू लागले.

१६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली. त्यांच्या सुटकेसाठी शिवरायांना कोंढाणा सोडावा लागला. जहागीरदाराचा जीवही धन्याच्या हातात असायचा, तो असा.

२३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. कर्नाटकातली दौलत धाकटे व्यंकोजी यांच्याकडे राहिली. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवरायांनी त्यातला अर्धा वाटा मागितला आणि भावाभावांत लढाईपर्यंत वेळ आली.

वडिलांनी सोडलेला शिवनेरी मात्र शिवरायांच्या हयातीत परत आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नर शहर लुटलं, पण किल्ला मुघलांकडेच राहिला. पुढे स्वराज्यात त्यांनी लष्कराला नवे मोकासे देण्याऐवजी रोख पगार देण्यावर भर दिला. जमिनीच्या जोरावर सरदार धन्यापेक्षा मोठा होऊ शकतो आणि एका फर्मानाने उघड्यावरही येऊ शकतो. ही दोन्ही टोकं त्यांच्या घराने पाहिली होती.