कर्मवीर भाऊराव : एका पंगतीतून समता शिकवणारा माणूस



या स्मरणिकेत कर्मवीर भाऊराव पाटलांवर लिहितो म्हटल्यावर बैठकीत एकाने विचारलं, ते तर जैन, त्यात पाटील. त्यांचा आपल्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. मी गिरणी कामगार, शाळा थोडीच झाली. वाचून जे कळलं ते मांडतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला झाला. घराणं सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. वडील सरकारी नोकरीत. अशा घरातल्या पोराला शिवाशिवीची झळ कशाला लागतेय? पण कोल्हापूरला जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर, जेवायच्या आधी आंघोळ करा, असा हुकूम झाला. भाऊरावांनी साफ नकार दिला. शेवटी बोर्डिंग सोडावं लागलं. नुसतं दोन तांबे पाणी अंगावर घेतलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं! तेवढंच त्यांनी केलं नाही. पुढे ज्ञानदेव घोलप या दलित मुलाच्या शिक्षणाची सोय त्यांनी लावली. हेच घोलप नंतर मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले.

भाऊरावांनी पोटासाठी किर्लोस्करांचे नांगर विकले, त्या निमित्ताने गावोगाव फिरले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी, सत्यशोधकांच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली.

आता सातारा म्हटलं की आपल्याला दुसरीच गोष्ट आठवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच गावच्या शाळेत छोट्या भीमाचं नाव दाखल झालं, आणि त्या लेकराला इतरांपासून वेगळं बसावं लागलं. पाव शतकही झालं नव्हतं, तर त्याच साताऱ्यात भाऊरावांनी महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका छपराखाली ठेवली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, झाडलोट मुलांनीच, शेतातलं कामही मुलांनीच. भाकरी कुणी थापली हे विचारायचं नाही, पंगत एकच. पाटलाच्या पोराला हे सोपं गेलं नसणार. जन्माने मिळालेला मोठेपणा चुलीपुढे बसून उतरवायचा होता. फळ्यावर समता लिहून हे होत नाही. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाचं छत्रपती शाहू असं नामकरण झालं.

पण पैसा? इथे लक्ष्मीबाईंचं नाव घेतलंच पाहिजे. सुखवस्तू, सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेली बाई. सगळ्या जातींची पोरं तिने पोटच्यासारखी सांभाळली. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. आपल्या भाषणांत भाऊरावांचा उल्लेख होतो, या माउलीचा क्वचित.

पुढे १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथे मुलं कमवून शिकू लागली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कराडला गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज. १९५९ साली पुणे विद्यापीठाने, कॉलेजात कधी न शिकलेल्या या माणसाला, डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी भाऊराव गेले.