गिल्बर्ट वॉकर

सर गिल्बर्ट थॉमस वॉकर (१४ जून, १८६८ : रॉचडेल, इंग्लंड - ४ नोव्हेंबर, १९५८) हे ब्रिटिश गणितज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते.

जीवन

वॉकर यांचे शिक्षण केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजात झाले. १८८९ मध्ये ते गणिताच्या परीक्षेत पहिले आले. १९०४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी जॉन एलियट यांच्यानंतर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख म्हणून सिमल्यास रुजू झाले. श्रीनिवास रामानुजन यांना १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळावी, यासाठी त्यांनी शिफारस केली होती.

पर्जन्यविषयक संशोधन

१८९९ मध्ये मोसमी पाऊस हवामान खात्याच्या अंदाजाच्या उलट गेला व देशात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतरही काही वर्षे पाऊस अपुरा राहिल्याने हवामान कायमचे बदलले काय, अशी शंका घेतली जाऊ लागली. जंगलतोड व कालवे यांनाही दोष दिला जाई. वॉकर यांनी जुन्या नोंदी तपासून १९१० मध्ये निष्कर्ष मांडला, की ही घट कायमस्वरूपी असल्याचा पुरावा नाही. थोड्या वर्षांतील चढउतार आणि दीर्घकालीन बदल यांत फरक करण्याचा हा भारतातील एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न होय.

संपूर्ण देशासाठी एकच सरासरी अपुरी असल्याने त्यांनी द्वीपकल्प, वायव्य व ईशान्य भारत असे विभाग पाडले. प्रत्यक्षात एका जिल्ह्यातही मोठी तफावत आढळते. कोल्हापूर जिल्ह्यात घाटमाथ्यावरील गगनबावडा येथे अतिवृष्टी होते, तर पूर्वेकडील हुपरी परिसरात पाऊस बराच कमी पडतो.

जगभरातील वायुदाब, तापमान व पर्जन्य यांच्या आकडेवारीतील सहसंबंध शोधताना त्यांना प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाचा परस्परविरोधी हेलकावा आढळला. त्याला त्यांनी 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. मात्र त्याचे भौतिक कारण त्यांना देता आले नाही, आणि काही सहसंबंध पुढे टिकले नाहीत.

उत्तरायुष्य व वारसा

१९२४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्यानंतर १९३४ पर्यंत ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी दक्षिणी आंदोलनाचा एल निनोशी असलेला संबंध उलगडला व संबंधित वातचक्रास 'वॉकर अभिसरण' हे नाव दिले. आजच्या मोसमी पावसाच्या अंदाजात हा घटक विचारात घेतला जातो.