केलंगचे हायडे दांपत्य

तिबेटी भाषेच्या कोशवाङ्मयात दोन ग्रंथांना मोठे स्थान आहे: हाइनरिख ऑगस्ट येश्के यांचा 1881 चा तिबेटी-इंग्रजी कोश आणि शरच्चंद्र दास यांचा 1902 चा कोश. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे लाहौलमधील केलंग येथील मोरावियन ठाणे; आणि त्या ठाण्यावर चार दशके राहिलेले ऑगस्ट विल्हेल्म हायडे व त्यांच्या पत्नी मारिया.

हायडे यांचा जन्म 1825 मध्ये सायलेशियात झाला. हेर्नहूटच्या मोरावियन पंथाने 1853 मध्ये त्यांना व एदुआर्द पागेल यांना धाडले, ते मंगोलियातील भटक्या पशुपालकांकडे. रशियाने वाट नाकारल्यामुळे दोघे हिंदुस्थानमार्गे निघाले. पुढे तिबेटची सीमा बंद होती आणि लडाखमध्ये राहण्यास काश्मीर दरबाराची अनुमती मिळाली नाही. अखेर 1856 मध्ये त्यांनी ब्रिटिश हद्दीतील केलंग येथे वस्ती केली. ज्यांच्यासाठी ते घराबाहेर पडले होते, ते मंगोल त्यांना कधीच भेटले नाहीत.

मारिया हार्टमान यांचा जन्म 1837 मध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. विवाह पंथाच्या वडीलधाऱ्यांनी ठरविला. 1859 मध्ये त्या केलंगला पोहोचल्या, तोवर त्यांनी नियोजित पतीस पाहिलेही नव्हते. रोहतांग घाट हिमाने बंद झाला की महिनोन्महिने जगाशी संबंध तुटे. काही अपत्ये केलंगलाच दगावली. जी वाचली, त्यांना शिक्षणासाठी युरोपात पाठवावे लागले. परप्रांती सेवेची ही किंमत पतीपेक्षा पत्नीनेच अधिक मोजली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

मारियांनी लाहौली स्त्रियांना सुयांवर लोकर विणण्यास शिकविले. आज लाहौलची ओळख बनलेले रंगीत नक्षीचे पायमोजे याच शिकवणीतून आले, असे मानले जाते. हायडे शेती करीत, शाळा चालवीत आणि उन्हाळ्यात रुपशूच्या पठारावर जात. याकच्या केसांच्या काळ्या तंबूंत राहणारे तेथील चांगपा पश्मिन्याच्या शेळ्या घेऊन कुरणामागून कुरण हिंडत. मंगोलियाच्या जागी हायड्यांना लाभलेले पशुपालक ते हेच. परंतु हिंडत्या माणसांत बसत्या घराचा धर्म रुजविणे कठीण होते. केलंगला 1865 मध्ये जे पहिले बाप्तिस्मे झाले, तेही लडाखी माणसांचे. लाहौली समाज बहुतांशी आपल्या बौद्ध परंपरेतच राहिला.

धर्मांतराच्या मोजमापाने हे आयुष्य निष्फळ ठरते. भाषेच्या मोजमापाने तसे ठरत नाही. येश्के भाषाशास्त्रात व्युत्पन्न होते. हायडे यांचे ज्ञान मुख्यतः बाजारात, शाळेत आणि तंबूंच्या दारांत मिळालेले. केलंगच्या शिळाछापखान्यातून तिबेटी पाठ्यपुस्तके व धर्मपुस्तके निघाली. येश्के 1868 मध्ये परतले, तरी हायडे आणखी तीस वर्षे तेथेच राहिले. मराठीत कॅरी यांचे भाषांतर आणि मोल्सवर्थ यांचा कोश यांनी जो प्रश्न उभा केला, तोच येथेही होता: ग्रंथांची भाषा प्रमाण मानावी की बोलणाऱ्यांची? तिबेटीत ही दरी कितीतरी रुंद होती, आणि बोली तर खोऱ्याखोऱ्यांत बदलत असे.

1898 मध्ये हे दांपत्य केलंग सोडून दार्जिलिंगच्या परिसरात गेले. तेथे हायडे यांनी तिबेटी नव्या कराराच्या संशोधित आवृत्तीत भाग घेतला आणि ग्रॅहॅम सँडबर्ग यांच्यासह दासांच्या कोशाचे संपादन केले. एका बंगाली पंडिताच्या कोशावर अशा रीतीने केलंगच्या चाळीस वर्षांचा संस्कार झाला. 1903 मध्ये, पन्नास वर्षांनी, हायडे प्रथमच मायदेशी परतले. ते 1907 मध्ये वारले, मारिया 1917 मध्ये. मंगोलियाची वाट त्यांना अखेरपर्यंत उघडली नाही. तिबेटी वाङ्मयाकडे जाणाऱ्या अभ्यासकाची वाट मात्र त्यांच्यामुळे काहीशी सुगम झाली.