रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्रपंत नीलकंठ अमात्य, बावडेकर (जन्म: अंदाजे इ.स. १६५०, मृत्यू: इ.स. १७१६च्या सुमारास) हे मराठा राज्याचे अमात्य आणि 'आज्ञापत्र' या राजनीतिपर ग्रंथाचे कर्ते होत. राज्यातील वृक्षतोडीवर त्यांनी या ग्रंथात घातलेली बंधने विशेष प्रसिद्ध आहेत.

जीवन

त्यांचे वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते. १६७४च्या राज्याभिषेकसमयी रामचंद्रपंतांकडे अमात्यपद, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा कारभार होता. १६८९मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा 'हुकुमतपन्हा' हा किताब देऊन महाराष्ट्र त्यांच्यावर सोपविण्यात आला. संताजी घोरपडे, धनाजी जाधव, शंकराजी नारायण प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी मोगलांशी झुंज चालू ठेवली. १७१४मध्ये ताराबाईंना दूर सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी कोल्हापूरच्या गादीवर आले. त्यांच्याच नावे १७१५मध्ये आज्ञापत्र सिद्ध झाले.

आज्ञापत्रातील वृक्षविचार

आरमाराला फळ्या, सोट व डोलकाठ्यांसाठी थोर लाकूड लागते, हे अमात्य पूर्णपणे जाणून होते. तरीही अरण्यातील सागवानादी वृक्षसुद्धा हुजुरास लिहून, परवानगी घेऊनच तोडावेत आणि उणे पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे, असा त्यांचा दंडक आहे. आंबा-फणसास तर हातच लावायचा नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखाला अंत राहत नाही, आणि त्या पीडेचा दोष धन्यावर येतो, असे कारण ते देतात. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर मालकाला राजी करून, मोल देऊन ते न्यावे. जुलूम करू नये.

गडाभोवतीच्या रानाचा विचार मात्र निराळा आहे. तेथील एक काठीही तोडू देऊ नये, कारण प्रसंगी त्या झाडीत बंदुके दडवायचे असतात. म्हणजे या नियमांमागे रयतेची कणव आहे, तसाच लष्करी हिशेबही आहे. आजच्या अर्थाने त्यांना पर्यावरणवादी ठरविणे घाईचे होईल. परंतु जमाखर्च सांभाळणाऱ्या मंत्र्याने फुकट मिळणारे लाकूड नाकारून विकतच्या लाकडाची आज्ञा द्यावी, हे साधे नव्हे. पुढे १८०६मध्ये इंग्रजांनी मलबारात कॅप्टन वॉटसन यांना वनरक्षक नेमले, तेव्हा जहाजांच्या सागवानासाठी खाजगी झाडांवरही सरकारी मक्तेदारी बसली. रहिवाशांच्या असंतोषामुळे १८२३मध्ये ती उठवावी लागली.

हा मजकूर अनेकदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून उद्धृत केला जातो. महाराजांच्या धोरणाचा वारसा त्यात असला, तरी तो त्यांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी अमात्यांनी लिहिलेला आहे. अमात्यांच्या घराण्याची जहागीर सह्याद्रीच्या दाट रानातील गगनबावडा येथे होती. त्यावरूनच त्यांना बावडेकर हे नाव पडले.