उष्णतेचा हिशेब मांडणारे डॉक्टर हेस

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की भांडे तापते; नवसागर पाण्यात टाकला की ते गार पडते. मग एखाद्या क्रियेत उष्णता बाहेर पडेल की शोषली जाईल, हे आधीच सांगता येईल काय? ही वाट दाखविणारे शास्त्रज्ञ म्हणजे जर्मेन हेन्री हेस.

त्यांचा जन्म 1802 साली जिनिव्हा शहरात झाला. वडील चित्रकार. त्यांना रशियात शिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा हेस अवघे तीन वर्षांचे होते. परमुलखात वाढलेल्या या मुलाने 1825 साली दोरपत विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली. सैबेरियातील इर्कुत्स्क येथे डॉक्टरकीही केली. परंतु ओढ रसायनशास्त्राची! 1830 साली ते सेंट पीटर्सबर्गला आले. तेथे त्यांनी अध्यापन केले व रशियन भाषेत पाठ्यपुस्तक लिहिले. ते अनेक वर्षे वापरात होते.

तीव्र सल्फ्युरिक आम्ल अमोनियाने उदासीन करताना निघणारी उष्णता त्यांनी मोजली. तेच आम्ल आधी पाण्याने सौम्य केले, तर त्या वेळी काही उष्णता निघे आणि पुढे तितकीच कमी भरे. एकूण बेरीज तीच! 1840 साली त्यांनी नियम मांडला : क्रिया एका टप्प्यात होवो वा अनेक, एकूण उष्णता सारखीच. गडावर पायऱ्यांनी चढा वा पायवाटेने, उंची बदलत नाही, तसेच हे.

याचा उपयोग पाहा. 12 ग्रॅम कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड होताना सुमारे 394 किलोज्यूल उष्णता निघते. मधल्या कार्बन मोनॉक्साइडपासून तोच वायू होताना 283 निघते. कार्बनपासून निव्वळ मोनॉक्साइड करून उष्णता मोजणे अवघड. पण वजाबाकी केली की 111 किलोज्यूल बाहेर पडणार, हे कागदावरच कळते. वजाबाकीचे उत्तर उलट चिन्हाचे आले, तर उष्णता शोषली जाणार असे समजावे.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून प्रस्थापित व्हायचा होता. प्रकृती ढासळल्याने हेस 1848 साली निवृत्त झाले आणि 1850 साली, वयाच्या 48व्या वर्षी, निधन पावले.

विद्यार्थी मित्रांनो, हा नियम नुसता पाठ करू नका. प्रत्येक टप्प्याचा जमाखर्च स्वतः मांडून पाहा. पालकांनीही ध्यानात घ्यावे, की डॉक्टर झालेल्या मुलाची खरी ओढ दुसऱ्या विषयाकडे निघाली, आणि त्यातूनच शास्त्राला एक नियम लाभला.