तेजी, मंदी आणि राजाबाईचं घड्याळ

नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबा बघायला गेलेल्या पोरांच्या हातातही आता ऑप्शन चेन उघडी दिसते. मधल्या रांगेत स्ट्राइक प्राइस, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट. निफ्टी वर जाणार वाटलं की कॉल घ्यायचा, पडणार वाटलं की पुट. हे खूळ नवं वाटतं ना? मुंबईच्या बाजारात कॉलला ‘तेजी’ आणि पुटला ‘मंदी’ म्हणायचे. आणि भविष्यातल्या भावावर अख्खं शहर पणाला लागलं होतं, त्या काळाचा नायक होता प्रेमचंद रायचंद.

सुरतेच्या जैन कुटुंबात १८३१ साली जन्म. लहानपणीच मुंबईत आले, इंग्रजी शिकले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा देशी दलाल तेव्हा दुर्मिळच. गोऱ्या व्यापाऱ्याशी दुभाष्याशिवाय सौदा ठरवता येतो, हेच त्यांचं पहिलं भांडवल. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाडासोबत आपला नळदुर्ग जिल्हाही इंग्रजांकडे सोपवला होता. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीकडे निघाला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे धावल्या. शहरात पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती! कुठल्या कंपनीचे शेअर कुणाला द्यायचे, बँक ऑफ बॉम्बेने कुणाला कर्ज द्यायचं, यात प्रेमचंद यांचा शब्द चाले.

बहुतेक सौदे वायद्याचे. शेअर आज ठरल्या भावाने घ्यायचा, पैसे मात्र १ जुलै १८६५ ला. इथे एक फरक नीट समजून घ्या. ऑप्शन विकत घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता असतो. वायद्यात तसा दरवाजा नसतो. भाव कोसळला तरी ठरलेली रक्कम मोजावीच लागते. (ऑप्शन विकणाऱ्याची गतही जवळपास तशीच, हे स्क्रीनवरच्या मोठ्या प्रीमियमकडे बघताना विसरायला होतं.)

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली, कापूस कोसळला. १ जुलै उजाडला तेव्हा पैसे द्यायला कुणीच उभं नव्हतं. २८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँकच बंद पडली, चौकशी आयोग बसला. प्रेमचंद यांचंही दिवाळं निघालं. माझ्या मते त्यांना निव्वळ बळी म्हणणं चूक आहे. बँकेच्या पैशाने सट्टा फुगला, त्यात त्यांचा हात होताच, आणि बुडालेल्यांत साधी माणसंही होती.

पण हा माणूस पळाला नाही. पुन्हा दलाली सुरू केली, तीही सावधपणे. १८७५ मध्ये मुंबईच्या दलालांनी संघटना उभी केली, तीच आजचा बीएसई. तिच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

पुढे १९५६ च्या कायद्याने तेजी-मंदीचे सौदे बंद झाले. निफ्टीचे ऑप्शन्स २००१ मध्ये सुरू झाले. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. प्रेमचंद यांच्या काळात निदान सौदा संपायला महिने लागायचे. आता आठवड्याच्या एक्स्पायरीला दुपारपर्यंत प्रीमियम शून्याकडे सरकलेला असतो.

प्रेमचंद १९०६ मध्ये गेले. तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आई राजाबाईंच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले होते. मनोरा पूर्ण झाला १८७८ मध्ये, म्हणजे पडझडीनंतर तेरा वर्षांनी. आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं. सूर्यास्ताआधी जेवायची वेळ तिला टोल्यांवरून कळावी म्हणून ते घड्याळ, असं सांगतात. २८० फुटांचा तो टॉवर फोर्टमध्ये अजून उभा आहे. दलाल स्ट्रीट तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर.